नव्व्याण्णव देश आणि कपड्यांची दोरी

गच्चीवरची तार शनिवारी दुपारी बाराच्या आत उतरवून घ्यावी, अशी नोटीस ग्रंथपालांना मंगळवारी मिळाली. ती वाचून त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेलेला माणूस याहून जास्त चिडू शकत नाही.

नोटिशीमागचं कारण सरळ होतं. गच्ची गळत होती. तिच्यावर नवा थर घालायचा होता, आणि तो घातल्यावर 'खांब, तार, कुंडी, पिंप वा तत्सम कोणतीही वस्तू' वर ठेवायला कायमची बंदी येणार होती. वेळेवरून वाद नको म्हणून शेवटी आणखी एक ओळ होती: 'वेळ इमारतीच्या प्रवेशद्वारावरील घड्याळाप्रमाणे धरली जाईल.' इमारतीचे सेक्रेटरी कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावता लावता निवृत्त झाले होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, वेळेवर येणारी आणि विमावाले. विमावाले म्हणजे ग्रंथपालांच्या समोरच्या फ्लॅटमधले विमा एजंट. मागच्या वार्षिक सभेला ते पाच मिनिटं उशिरा आले, म्हणून सेक्रेटरींनी दार लावून घेतलं होतं आणि त्यांनी सगळी सभा काचेतून पाहिली होती.

आता त्या तारेबद्दल. ग्रंथपाल हौशी रेडिओवाले होते. म्हणजे घरातल्या मागच्या खोलीत एक रेडिओ, गच्चीवर वीस मीटरची तार, रीतसर परवाना, आणि जगभरातल्या याच नादाच्या माणसांशी गप्पा. त्यांच्या गप्पा मात्र तोंडी नव्हत्या. माइकवर बोलायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला होता, एकतीस वर्षांपूर्वी. पलीकडून कुणीतरी प्रेमाने "बोला, बोला" म्हटलं, आणि यांना असा घाम फुटला की त्यांनी रेडिओच बंद करून टाकला. तेव्हापासून ते मोर्सवर होते. एक पितळी की, म्हणजे दाबून संदेश वाजवायची खटकी, तिच्यावर दोन बोटं, आणि लांब-आखूड टणत्कारांत बोलणं.

लिफ्टमध्ये कुणाला "जरा चौथ्याचं बटण दाबता का" म्हणायचा संकोच, म्हणून तिसऱ्यावर उतरून जिना चढणारा हा माणूस. पण बोटं कीवर ठेवली की तो कुणीतरी वेगळाच होई. मग तो विनोद करी, लोकांची चौकशी करी, एका दर्यावर्दी माणसाला त्याच्या गुडघेदुखीवर व्यायामही सांगे. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मोर्सचं एक अक्षर कळत नव्हतं. पण शेजारच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं तो आवाज ऐकून त्यांना माणसं ओळखू येत. कारण प्रत्येकाचा हात निराळा असतो. कुणी घाई करतो, कुणी शेवटचा टणत्कार ओढतो. काकूंनी सगळ्यांना नावं ठेवली होती. एक उचकीवाला होता, एक गाडी सुटलेला होता, एक आळसटलेला होता. "अहो, तुमचा उचकीवाला आलाय," असं त्या कणीक मळता मळता सांगत, आणि तो तोच असे.

एकतीस वर्षांत ग्रंथपालांनी नव्व्याण्णव देश गाठले होते. प्रत्येक देशाचं एक कार्ड, ग्रंथालयातल्यासारखं, लाकडी खणात अकारविल्हे. गेली सहा वर्षं मात्र गाडी नव्व्याण्णववरच अडकली होती. शंभरावा व्हायचा होता महासागरातला एक एवढासा बेट-देश. सहा वर्षांपूर्वी तिथला एक माणूस त्यांना ऐकू आला होता. चाळीस मिनिटं यांनी त्याला हाका मारल्या. त्याने यांच्या नावाची निम्मी अक्षरं पकडली, ती परत विचारली, आणि तेवढ्यात तो विरून गेला. काकूंनी त्याचं नाव ठेवलं होतं लंगडीवाला, कारण त्याचा प्रत्येक दुसरा टणत्कार जरा दम खाऊन येई. खणात शंभरावं कार्ड तेव्हापासून तयार होतं, कोरं.

आणि आता हातात चार दिवस होते.

नोटीस खिशात घालून ग्रंथपाल जिना उतरत असताना दुसऱ्या मजल्यावर त्यांना दातांच्या डॉक्टर भेटल्या. या बाईंचा दवाखाना त्यांच्या घरातच होता. आठ महिन्यांपूर्वी यांनीही हौशी रेडिओचा परवाना काढला होता. ग्रंथपालांना आधी फार आनंद झाला होता. मग कळलं की बाई डिजिटलवाल्या आहेत.

"किती झाले हो डॉक्टर तुमचे?" त्यांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"एकशे बारा," डॉक्टर म्हणाल्या.

"बाल्कनीतल्या त्या तारेवर?"

"तार कुठली, रेलिंगच आहे ते. पेशंटला भूल दिली की दहा मिनिटं मोकळी असतात ना, तेवढ्यात एखादा देश होऊन जातो."

ग्रंथपालांच्या एकतीस वर्षांना भूल न देताच कुणीतरी चिमटा लावला. "पण ते काय हो," ते शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "त्यात संगणक संगणकाशी बोलतो. माणूस चहा करायला जातो."

"काका, माझ्या बाबतीत माणूस दाढ काढायला जातो," डॉक्टर हसल्या. "पण तुमच्या कानाला जे ऐकू येत नाही, ते त्याला येतं. एकदा करून तर बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचं बेट चार दिवसांत मोर्सवर मिळेल असं वाटतं तुम्हाला?"

हा प्रश्न ग्रंथपाल गेली सहा वर्षं स्वतःला विचारत नव्हते. त्यांनी घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "करा की. अर्ध्या तासाचं काम म्हणतायत ना त्या?"

अर्ध्या तासाची कामं कशी असतात हे काकूंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या तेवढंच म्हणाल्या.

पहिलं काम, शनिवारपर्यंत तार अधिकृतपणे टिकवणं. कारण नोटीस लागल्यापासून मिस्त्री रोज वर जाऊन काहीतरी मोजत होता, आणि त्याच्या कमरेला पक्कड लटकत होती. सेक्रेटरी म्हणाले, "लेखी परवानगी घ्या. फॉर्म आहे." फॉर्म होता खरा. त्यात गच्चीवरच्या वस्तूंचे चार प्रकार छापलेले होते: टीव्हीची तबकडी, पाण्याची टाकी, कुंड्या आणि कपडे वाळत घालण्याची दोरी.

"यात अँटेना नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"मग जवळात जवळचं काय ते धरा. लांब आहे, आडवी आहे, दोन टोकांना बांधली आहे. मी काय म्हणतोय ते तुमच्या लक्षात येतंय ना?"

ज्या माणसाने आयुष्यात एकही पुस्तक चुकीच्या विषयाखाली लावलं नव्हतं, त्याने स्वतःच्या अँटेनेची नोंद 'कपड्यांची दोरी' अशी केली आणि खाली सही केली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर वर आल्या. येताना त्यांनी एक केबल आणली. रेडिओ आणि घरातला संगणक तिने जोडला, एक प्रोग्राम घातला आणि समजावून सांगितलं. "हे बघा काका. यात सगळं पाळीने चालतं. पंधरा सेकंद एकाने पाठवायचं, पंधरा सेकंद दुसऱ्याने. सगळ्या जगाची पाळी एकाच क्षणाला बदलते."

"आपल्या सेक्रेटरींना आवडेल हे," ग्रंथपाल म्हणाले.

"या निळ्या पट्ट्यात ज्या पिवळ्या रेघा उतरतायत ना, ती माणसं. आणि इथे डावीकडे त्यांची नावं, त्यांचा संदेश, आवाज किती बारीक आहे त्याचा आकडा, सगळं आपोआप लिहून येईल. तुम्ही फक्त बेटाच्या नावावर टिचकी मारायची." खालून कुणीतरी गाल धरून आल्याचा निरोप आला, आणि डॉक्टर पळाल्या.

निळ्या पट्ट्यात रेघा उतरत राहिल्या. सुंदर दिसत होत्या. डावीकडे मात्र काहीच लिहून आलं नाही. अर्धा तास, एक तास, संध्याकाळ. एक अक्षर नाही.

इथे त्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे असत. हा काकूंचा कायदा होता. ग्रंथपाल रेडिओपुढे बसून "दोनच मिनिटं" म्हणत आणि नाहीसे होत; स्वतःच्या निरोप समारंभालासुद्धा ते पहिलं भाषण संपल्यावर पोचले होते. त्या दिवसापासून हॉलमधलं, स्वयंपाकघरातलं, गजराचं, सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे गेली आणि संसार वेळेवर आला. अपवाद एकच. रेडिओच्या टेबलावर एक लहान घड्याळ होतं. नोंदवहीतल्या वेळेसाठी ग्रंथपाल ते रोज सकाळी सेकंदाला सेकंद लावत. काकू त्याला हात लावत नसत आणि ग्रंथपाल बाकीच्यांना. असा तह होता, आणि अकरा वर्षं तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला होता.

तर पडदा कोरा. यात यंत्राची चूक असेल अशी शंका ग्रंथपालांच्या मनाला शिवली नाही. जगात काही बिघडलं की ते आधी स्वतःकडे बघत. चूक आपली, म्हणजे आपल्या तारेची, असं ठरवून ते गुरुवारी सकाळी गच्चीवर गेले.

तारेवर तीन चादरी, एक टॉवेल आणि एक ओली रजई होती.

रजईच्या वजनाने तार मध्यभागी पार खाली आली होती, आणि रजईच्या पलीकडून विमावाले प्रसन्न चेहऱ्याने डोकावत होते.

"या या! दोरी झकास आहे हो तुमची. गंजत नाही."

"ही... ही दोरी नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"आहे की! परवानगीची प्रत खाली फळ्यावर लावलीय. 'कपड्यांची दोरी, सामायिक वापर.' तुमचीच सही. सुरेख सही आहे."

'सामायिक वापर' हे दोन शब्द फॉर्मवर आधीपासूनच छापलेले होते. शुद्धलेखनाच्या नजरेने ग्रंथपालांनी ते तपासले होते, अर्थाच्या नजरेने नाही. त्यांनी रजईकडे बघितलं. विमावाले तसे भल्या मनाचे होते. त्यांनी चेहरा ओळखला आणि रजई उतरवली. मग उदारपणे सल्ले दिले. तार पूर्वेकडे तोंड करून बांधा. तिला थोडं तेल लावा. ओल्या कपड्याने तिला उलट 'ओढ' मिळते, असंही त्यांच्या मेव्हण्याने कुठेतरी वाचलं होतं. शेवटी असं ठरलं की चादरी नऊ ते अकरा, देश-परदेश अकराच्या पुढे. सेक्रेटरींनी हे वेळापत्रक लगेच टाईप करून फळ्यावर लावलं. त्यांना फार दिवसांत असं काम मिळालं नव्हतं.

कपडे उतरले तरी पडदा कोराच राहिला. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी ग्रंथपालांना मनातल्या मनात थोडं बरं वाटलं. म्हणजे हे डिजिटल वगैरे सगळं... मग बरं वाटल्याबद्दल त्यांना लाज वाटली. मग लाज वाटण्याइतकं आपण काय मोठं केलं, असंही वाटलं. अशा तऱ्हेने ते तासभर बसून राहिले आणि शेवटी खाली दवाखान्यात गेले.

डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात आरसा घालून बसल्या होत्या. "काहीच नाही? अजिबात?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "काका, घड्याळ बरोबर आहे ना? दोन सेकंद जरी इकडेतिकडे असलं तरी त्याला काही वाचता येत नाही."

ग्रंथपालांना अपमान फारसा वाटत नसे, पण हा वाटला. घड्याळ! ज्याने एकतीस वर्षं सेकंदाला सेकंद लावून नोंदी केल्या, त्याला घड्याळ विचारायचं! ते तडक वर गेले, टेबलावरच्या घड्याळाचा काटा रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ताडून पाहिला, आणि पुन्हा दोन मजले उतरून दवाखान्याच्या दारात उभे राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी सेकंदाला." हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की खुर्चीतल्या पेशंटने तोंड मिटलं.

शुक्रवारी दुपारी डॉक्टर स्वतः वर आल्या. खुर्चीवर बसल्या, पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं, मग स्वतःच्या मनगटावर बघितलं, मग पुन्हा कोपऱ्यात.

"काकू," त्या हाक मारून म्हणाल्या, "तुमच्या संगणकात आत्ता किती वाजलेत?"

"बरोबर सात मिनिटं पुढे," काकू स्वयंपाकघरातून निर्धास्तपणे म्हणाल्या. "मेलं आपोआप मागे जायचं ते. मी त्याचं ते आपोआप बंदच करून टाकलं."

ग्रंथपाल टेबलावरच्या आपल्या घड्याळाकडे बघत होते. ते बिचारं सेकंदाला सेकंद बरोबर होतं. संगणकाच्या पोटातही एक घड्याळ असतं आणि डॉक्टरांनी विचारलं होतं ते त्याच्याबद्दल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या जगात 'घड्याळ' या नोंदीखाली एकच कार्ड होतं.

डॉक्टर मात्र बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "गंमत बघा काकू. सात मिनिटांत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या अगदी पुऱ्या बसतात. नुसती सात मिनिटं असती तर सगळं चाललं असतं. पण तुमचं सात मिनिटं आणि आठ सेकंद पुढे आहे. त्या आठ सेकंदांनी तीन दिवस घालवले."

काकू पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. "सात मिनिटं माझी, ती मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "वरचे आठ सेकंद माझे नाहीत. ते बटण सापडेपर्यंत गेले."

तहात दुरुस्ती झाली. फक्त संगणकाचं घड्याळ सोमवारपर्यंत जगाबरोबर चालेल. बाकीच्यांना कुणी हात लावायचा नाही.

डॉक्टरांनी वेळ जुळवली, आणि पुढच्या पंधराव्या सेकंदाला डावीकडचा पडदा भरून गेला. वीस ओळी. पुन्हा वीस. ग्रंथपालांनी हेडफोन कानाला लावले. ऐकू येत होती ती नुसती खरखर, भट्टीवर तापत ठेवलेल्या वाळूसारखी. एकतीस वर्षं तयार झालेल्या कानाला त्या खरखरीत माणसाची चाहूलसुद्धा लागत नव्हती. आणि यंत्र त्याच खरखरीतून नावं वेचून समोर मांडत होतं. हा अमक्या किनाऱ्यावरचा, हा बर्फातला, हा वाळवंटातला. कुठे घाई नाही, चूक नाही, कुणाला दुसऱ्यांदा विचारणं नाही.

ग्रंथपालांनी हेडफोन हळूच काढले. जुन्या ग्रंथालयात वाळवीने खाल्लेली पानं भिंगाखाली घेऊन अक्षर अक्षर लावणारे एक वृद्ध संशोधक येत असत. ते आले की ग्रंथपाल उभे राहत. आत्ताही ते उभे राहिले होते, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"हे ज्याने केलं," ते म्हणाले, "त्याला खूप ऐकायची इच्छा असणार."

डॉक्टर पडद्याकडून त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आठ महिने झाले काका, मी असा विचारच केला नव्हता."

शनिवार उजाडला. सकाळभर बेटाचा पत्ता नव्हता. अकराला विमावाल्यांनी चादरी वेळापत्रकाप्रमाणे उतरवल्या. साडेअकराला दवाखाना बंद करून डॉक्टर वर आल्या. गच्चीवर डांबराचे डबे सरकवल्याचा आवाज येऊ लागला. आणि बारा वाजायला तेरा मिनिटं असताना डाव्या पडद्यावर ते नाव उमटलं. समोर आकडा होता, उणे एकवीस. म्हणजे असून नसल्यासारखं.

ग्रंथपालांनी टिचकी मारली. त्यांचं नाव पंधरा सेकंद हवेत गेलं. पंधरा सेकंद शांतता. पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला बेटाने उत्तर दिलं: यांचं नाव, पूर्ण, आणि यांच्या आवाजाचा आकडा. यांनी त्याचा आकडा पाठवला. बेटाचा आवाज चढत होता, उणे एकवीसचा उणे सतरा, मग उणे नऊ. आता त्याच्याकडून एकच गोष्ट यायची राहिली होती, 'मिळालं' एवढी पोच. ती आली की शंभर.

पंधरा सेकंदांनी जे आलं ते निराळंच होतं. एक फ्रिक्वेन्सीचा आकडा, आणि त्याच्या पुढे: 'मोर्स?'

"हे यात नसतं!" डॉक्टर उठूनच उभ्या राहिल्या. "ठरलेल्या वाक्यांतलं नाहीच हे. यात मोकळं लिहायला जेमतेम तेरा अक्षरं मिळतात, आणि ती त्याने हाताने टाईप केलीत. काका, तिथे कुणीतरी बसलंय!"

तिथे कुणीतरी बसलंय, हे ग्रंथपालांना एकतीस वर्षं ठाऊक होतं. पण पोच अजून आली नव्हती. इथेच थांबून पुन्हा मागितली तर बहुधा मिळाली असती. मोर्सवर गेलं आणि तो ऐकू आला नाही, तर हेही गेलं आणि तेही. घड्याळात, त्यांच्या त्या खऱ्या घड्याळात, बाराला आठ कमी होते.

आणि त्याच क्षणी वरून सेक्रेटरींचा आवाज खिडकीतून खाली आला. "मिस्त्री! खालच्या घड्याळात बारा वाजायला आले. घ्या पक्कड."

ग्रंथपालांनी काकूंकडे बघितलं. त्या पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या. प्रवेशद्वारावरचं ते घड्याळ गेली अकरा वर्षं काकूच लावत असत, कारण शिडीवर चढायला इमारतीत दुसरं कुणी तयार नव्हतं. काकूंचा चेहरा लाल झाला. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगायचा विचारही नव्हता.

"तुम्ही तुमचं करा," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून गच्चीचा जिना चढून गेल्या.

ग्रंथपालांनी रेडिओची तबकडी त्या आकड्यावर फिरवली. बोटं कीवर ठेवली, आपलं नाव वाजवलं आणि थांबले. वरून काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"थांबा! ते घड्याळ सात मिनिटं पुढे आहे."

"कुठलं घड्याळ?" सेक्रेटरी म्हणाले.

"खालचं. मीच लावते तसं. अकरा वर्षं."

"अकरा... अहो, मी सगळी इमारत त्या घड्याळावर चालवतो!"

"चालली ना नीट? मग?"

"एक मिनिट, एक मिनिट," हा विमावाल्यांचा आवाज. "म्हणजे सभेला मी पाच मिनिटं उशिरा नव्हतो? दोन मिनिटं आधी आलो होतो? आणि तुम्ही मला काचेबाहेर उभं केलंत? सेक्रेटरीसाहेब, आता बोला!"

सेक्रेटरी बोलू लागले. विमावालेही बोलू लागले. मिस्त्रीने पक्कड परत कमरेला लावली असावी, कारण त्याने विडी पेटवल्याचा वास खाली आला.

खरखर. नुसती खरखर. आणि मग तिच्या तळातून, अगदी बारीक, पण सरळ, एक टणत्कार. दम. दुसरा.

अक्षरं लागायच्या आधीच ग्रंथपालांना कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतोय?" पण ते पेन्सिल शोधत होते. तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत काकू खाली आल्या, दारातच थबकल्या, आणि त्यांनी कान टवकारले.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा तुमचा लंगडीवाला."

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. तिथे काहीच लिहून आलं नव्हतं. मग काकूंच्या पिठाच्या हातांकडे बघितलं, आणि मग त्या हळूच खाली बसल्या, स्टुलावर, वर्गात उशिरा आल्यासारख्या.

ग्रंथपाल लिहून घेत होते. पेन्सिल कागदावर एकेक अक्षर ठेवत होती आणि डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. बेटावरच्या माणसाने आधी पोच दिली. मग आपलं वय सांगितलं, एक्क्याऐंशी. कान गेलेत, म्हणून आता बहुतेक वेळ संगणकावर असतो, असं सांगितलं. तुमचं नाव पडद्यावर आलं तेव्हा निम्मं ओळखीचं वाटलं, म्हणाला. जुनी वही काढून पाहिली. 'सहा वर्षांपूर्वी तुमची निम्मी अक्षरं मिळाली होती. पुढची जागा मोकळी सोडून ठेवली होती. आज भरली.'

मग ग्रंथपालांनी उत्तर दिलं. काय दिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण बोटं बराच वेळ चालली होती, आणि मध्ये एकदा ते हसले. एकदा नाकही पुसलं. मग बेटाचा आवाज पातळ होत होत खरखरीत बुडाला. टेबलावरच्या घड्याळात बारा वाजले. वर कट्ट असा आवाज झाला, आणि रेडिओ एकदम मुका झाला.

थोड्या वेळाने मिस्त्री स्वतः तारेचं नीट गुंडाळलेलं वेटोळं घेऊन आला. विमावाल्यांनी मागाहून एक चिमटा आणून दिला, तारेवरच राहिला होता म्हणून. सेक्रेटरींनी रजिस्टर पुढे केलं. 'कपड्यांची दोरी ठीक बारा वाजता उतरवली,' असं त्यात लिहिलेलं होतं. प्रवेशद्वारावरच्या घड्याळाचं काय करायचं ते पुढच्या सभेत ठरणार होतं. (ते सात मिनिटं पुढेच ठेवावं असं एकमताने ठरलं. सगळ्यांना त्याची सवय झाली होती.)

ग्रंथपालांनी खणातून शंभरावं कार्ड काढलं. देश लिहिला, तारीख लिहिली, वेळ लिहिली. 'प्रकार' या रकान्याशी पेन थांबलं.

"डिजिटल लिहा," डॉक्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही, नाही. मोर्स लिहा. काका, ते काय होतं हो? काकूंना कसं कळलं?"

ग्रंथपालांनी दुसरं कार्ड घेतलं. पहिल्यावर लिहिलं: 'डिजिटल. हेही पाहा: मोर्स.' दुसऱ्यावर लिहिलं: 'मोर्स. हेही पाहा: डिजिटल.' दोन्ही एकामागे एक लावली आणि खण बंद केला. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकी समाधानाची नोंद त्यांच्या हातून झाली नव्हती.

डॉक्टर जायला निघाल्या, दारात थांबल्या, परत आल्या. "काका, माझं बाल्कनीचं रेलिंग आहे. सकाळी साडेआठ ते नऊ मोकळं असतं. तुमचा रेडिओ आणा, की आणा, काय हवं ते आणा. पण मला शिकवायचं. हात ओळखायला. शिकवाल?"

ग्रंथपालांना पुष्कळ बोलायचं होतं. आपण कुणाला काही शिकवलं नाही कधी, आपल्याला जमेल का, तुमच्यासारख्या हुशार बाईला आपण काय... पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांचं बोट मात्र टेबलाच्या कडेवर आपोआप वाजलं. टक, टक-टक, टक.

डॉक्टरांनी गोंधळून काकूंकडे बघितलं.

"हो म्हणतायत," काकू हात धुता धुता म्हणाल्या. "साडेआठ. तुमचं घड्याळ तेवढं जरा पुढे करून ठेवा."